काडतुसाचा तिसरा दोष

शरच्चंद्र चौबळांना पुरुषांचं बोलणं ऐकू यायचं, बायकांचं येत नसे. आधी हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. मुलुंडच्या डोंगराखाली चांदमारीचं मैदान होतं, तिथे ते नेमबाजीचे मास्तर होते. खजिन्याच्या गाड्यांबरोबर जाणाऱ्या हत्यारबंद दलाचे शिपाई त्यांच्याकडे शिकायला येत. मैदानावर सगळे पुरुषच, आणि सगळे मोठ्यांदा बोलणारे. त्यामुळे तिथे काही अडत नसे. घरी मात्र बायको, कुंदा, बोलायची आणि तिचे शब्द कुठेतरी वाटेतच विरून जायचे. सायकलची घंटी गेली, चिमण्या गेल्या, आणि मग कुंदाचा आवाज गेला. उरली ती कानातली शिट्टी. ती जेवताना असे आणि झोपतानाही असे.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाला चांदमारीवर कोण ठेवील? वय अजून पंचेचाळीसही नव्हतं. बंदुकीखेरीज दुसरं काही येत नव्हतं. ते 'हो' म्हणायला शिकले. कुंदाचा चेहरा प्रश्नासारखा दिसला की 'हो', आणि तिच्या कपाळाला आठी पडली की 'बघू'.

सत्तावन्न साली दलाने परदेशातून नमुन्याची काही पिस्तुलं मागवली. लुटारू आता मोटारीतून येऊ लागले होते, आणि जुन्या अडतीस बोरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी मोटारीच्या दाराला पोचा पाडून खाली पडायची. नवं काडतूस तीस बोरचं होतं. गोळी बारीक, पण मागे दारू ठासून भरलेली. जुन्या गोळीच्या दुपटीहून जास्त तिचा वेग. दलाचे मुख्य अधिकारी राजाध्यक्षसाहेब स्वतः मैदानावर आले आणि म्हणाले, "चौबळ, याचे गुणदोष नीट तपासा. समितीपुढे तुम्हालाच बोलायचंय. तुम्ही म्हणाल त्यावर पुढचं ठरेल."

चौबळांनी आठवडाभर तेच केलं. भंगारातून मोटारीची दारं आणली, सागाच्या फळ्या उभ्या केल्या, ओल्या वाळूची पोती रचली. हत्यारखान्याचा हवालदार गुणाजी हाताशी होता. गुणाजी मालवणकडचा, पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. तो मेगझिन भरून द्यायचा आणि चौबळ झाडायचे.

गुण डोळ्यांना दिसत होते. जुनी गोळी लांबवर जाताना खाली झुकायची, ही सरळ दोरीत जायची. धक्का कमी, त्यामुळे नवशिक्याचा हात हलत नव्हता. मोटारीचं दार तर कागदासारखं फुटत होतं. दोषही दिसले. गोळी समोरच्याला लागून तिथेच थांबत नव्हती, आरपार जाऊन मागच्या फळीतही घुसत होती. बाजाराच्या रस्त्यावर ती झाडली तर चोरामागे उभ्या असलेल्या माणसाचं काय? शिवाय जखम बारीक. अंगावर धावून येणारा माणूस जाड गोळीने जसा जागच्या जागी बसतो, तसा हिने बसेलच असं नाही.

तिसरा दोष दिसणारा नव्हता. जुनं रिव्हॉल्व्हर धप्प वाजायचं. हे पिस्तूल कानाशी आसूड कडाडल्यासारखं वाजे. चौबळ कापसाचे बोळे घालत होते, पण तो आवाज कापसाला जुमानत नव्हता. शेवटच्या दिवशी त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं तेव्हा समोर गुणाजीचे ओठ हलत होते आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. थोड्या वेळाने त्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा परत आला. पूर्वीइतका मात्र आला नाही.

त्याच संध्याकाळी कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काहीतरी बोलली. चेहरा प्रश्नासारखा होता. चौबळ म्हणाले, "हो."

तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. मग ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे मैदानावर गेले. संध्याकाळी परतले तर कुंदा घरात नव्हती. शेजारच्या शेवंतीबाईंनी दारात येऊन, आपल्या सवयीप्रमाणे हातवारे करत, घसा ताणून सांगितलं, "मालाडला गेल्या. त्यांच्या आईचं जास्त आहे ना? दुपारपर्यंत तुमची वाट बघत बसल्या होत्या. तुम्ही मैदानावरून लवकर येतो म्हणाला होतात."

कुंदा चौथ्या दिवशी परतली. पिशवी खाली ठेवून ती त्यांच्या समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली, रागावलेली माणसं बोलतात तशी. म्हणून त्यांना ते कळलं.

"त्या दिवशी सकाळी आई शुद्धीत होती. जावयांना बघायचंय म्हणत होती. मी संध्याकाळी पोचले तर तिनं मलाच ओळखलं नाही. आता ओळखणारही नाही, डॉक्टर म्हणाले."

"कुंदा, मला..."

"यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. मी एकटी गेले असते, सकाळीच."

त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समिती पुढच्याच आठवड्यात होती, आणि कुंदाला कळलं की शेवंतीबाईंना कळणार, मग मुलुंडभर होणार. ती उठून गेली.

समितीच्या आदल्या दिवशी हत्यारखान्यात पिस्तुलं पुसताना त्यांनी गुणाजीला सांगून टाकलं. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं त्यांनी त्यालाच का सांगितलं कुणास ठाऊक.

"गुणाजी, मला ऐकू येत नाही रे. उद्या समितीला सांगणार आहे. या काडतुसावर पोरं शिकली तर वर्षभरात सगळ्यांची हीच गत होईल."

गुणाजीने हातातली चिंधी खाली ठेवली. दाराकडे बघून तो जवळ सरकला.

"साहेब, माका ठावक हा. म्हणान तर मी तुमच्या समोर येवन बोलतंय." मग म्हणाला, "माझ्या पण कानात किरकिर असा. रातकिड्यांसारी. दोन वर्सां झाली."

चौबळांनी हातातलं पिस्तूल खाली ठेवलं.

"तुम्ही बोललात तर ते डॉक्टर आणतले. तुमचे कान बघतले, मगे माझे. साहेब, माझ्या पेन्शनीक थोडीच वर्सां रवली. पोरीचा, सुगंधाचा लगीन व्हायचा हा. आणखी दोष आसत ना? ते सांगा. ह्यो एक रवांदे."

"आणि ती पोरं?"

गुणाजीने चिंधी उचलली आणि पुसलेलंच पिस्तूल पुन्हा पुसायला घेतलं.

त्या रात्री चौबळांनी दोन्ही बाजू पुष्कळ तोलून पाहिल्या. न बोलण्याच्या बाजूला स्वतःची नोकरी होती, गुणाजीचं घर होतं. बोलण्याच्या बाजूला नावं ठाऊक नसलेली पोरं होती. गुणाजीचं पारडं जड वाटत होतं, आणि तरी सकाळी टोपी घालताना त्यांना कळलं की आपण बोलणार आहोत. मालाडच्या त्या म्हातारीला आपल्याला बघायचं होतं आणि आपल्या लपवण्यापायी ते राहून गेलं, हेच मनातून जात नव्हतं.

समितीत राजाध्यक्षसाहेब आणि आणखी तिघे होते. चौबळांनी सरळ दोरीत जाणारी गोळी सांगितली, कमी धक्का सांगितला, मोटारीचं दार सांगितलं. मग आरपार जाण्याचा धोका आणि बारीक जखम सांगितली. सगळे माना डोलावत होते.

"तिसरा दोष आवाजाचा," चौबळ म्हणाले. "याने कान जातात. माझे आधीच अधू होते, या चाचण्यांत आणखी गेले."

टेबलाच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "बंदूक आहे, आवाज होणारच की. आणि ऐकू येत नाही म्हणता, मग आमचं सगळं कसं ऐकलंत?"

"तुमचा आवाज जाड आहे. जाड आवाज येतो. बारीक येत नाही. घरी बायकोचं बोलणं येत नाही."

"मग भाग्यवान आहात तुम्ही," ते गृहस्थ म्हणाले.

चौबळांना हसणं ऐकू आलं नाही, दिसलं. राजाध्यक्षसाहेबही हसले, आणि मग कागदांकडे बघू लागले.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर आला. चौबळांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून तो कुजबुजला. काय कुजबुजला ते चौबळांना कधीच कळलं नाही. त्यांच्यानंतर गुणाजीला उभं केलं. गुणाजीने डॉक्टरचे शब्द अंदाजाने सांगून पाहिले. दोनदा बरोबर आले, बाकी चुकले. दोघांनाही नोकरीला अपात्र ठरवून घरी पाठवलं. मैदानावर शिकणाऱ्या पोरांचे कान कुणी तपासले नाहीत. त्यांच्याबद्दल समितीने काही विचारलं नव्हतं.

आणि नवं काडतूस आलंच नाही. गुणांमुळे घेतलं नाही की दोषांमुळे नाकारलं नाही. सरकारपाशी परकीय चलन उरलं नव्हतं, म्हणून बाहेरची खरेदीच बंद झाली. नमुन्याची पिस्तुलं पेटीत कुलूपबंद झाली. पोरं जुन्याच रिव्हॉल्व्हरवर शिकत राहिली. चौबळ बोलले नसते तरी हेच झालं असतं. राजाध्यक्षसाहेबांनी त्यांना हे निरोप देताना सांगितलं, फार आपुलकीने, अगदी समोर वाकून, शब्द स्पष्ट उच्चारून. त्यातला एकही शब्द ऐकायचा राहिला नाही.

गुणाजी गावी जाणार होता त्या दिवशी चौबळ त्याच्या खोलीवर गेले. ट्रंक बांधून झाली होती. गुणाजीची बायको रुक्मिणी त्यांना बघून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. गुणाजीने चटई पसरली. चौबळांनी क्षमा मागितली. गुणाजीने ऐकलं की नाही ते कळलं नाही, कारण तो ट्रंकेच्या दोरीला आणखी एक गाठ मारत होता. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही आता जावा. पोरगी रडता हा." आतून रडण्याचा आवाज येत असणार. चौबळांना तो येत नव्हता.

कुंदाला त्यांनी सगळं सांगितलं, घरी बसण्याची वेळ आल्यावर. ती रडली. मग तिला राग आला, आणि राग ओसरल्यावर ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यांदा बोलू लागली. काही दिवस बरं गेलं. भाजी कुठली आणू, दूधवाला आला, दार लावा, हे सगळं पोचत होतं. पण तिचं बोलणं आता आख्ख्या चाळीला ऐकू जाई. पलीकडून शेवंतीबाई मध्येच उत्तर द्यायच्या. कुंदाची आई गेली तेव्हा तेराव्यानंतर एका संध्याकाळी कुंदा त्यांच्या शेजारी बसून काहीतरी आठवून सांगू लागली. त्यांना कळेना म्हणून तिने आवाज चढवला, पुन्हा चढवला, आणि मग पुढच्या गॅलरीतली माणसं वळून बघू लागली तशी मध्येच थांबली. ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

त्यानंतर ती कामापुरतं बोलू लागली.

एकदा दुपारी ती वाल सोलत गॅलरीत बसली होती. तिचे ओठ हलताना दिसले. स्वतःशीच बोलत होती, की आईशी. चौबळ जवळ जाऊन बसले आणि तिच्या हाताला हात लावून त्यांनी विचारलं, "काय म्हणालीस?"

तिने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. 'काही नाही.' हे दोन शब्द ते आता ओठांवरून बिनचूक ओळखत. त्यांनी टोपलीतले मूठभर वाल पुढ्यात घेतले आणि सोलायला लागले.