हर्षूला धरणाऱ्यांनो!

मी एक जुना, निळा लसीचा डबा आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यातले निम्मे लोक मला डोळ्यांसमोरसुद्धा नकोत.

कारखान्यात माझ्या दोन भिंतींच्या मध्ये थंडी धरून ठेवणारा फेस भरला आणि मला कर्जतला धाडलं. पोटात बर्फाच्या चपट्या डब्या, मधोमध लसीच्या बाटल्या. आसिया सिस्टरच्या स्कूटरवरून मी कळंबच्या आसपासच्या वाड्या पालथ्या घातल्या. सुरुवातीला केवढं कौतुक! "डबा आला, डबा आला" करत पोरं मागे धावायची. मग पट्टा तुटला, तिथे सुतळी आली, आणि लोक माझ्यावर खुशाल बसू लागले. त्यात पहिला नंबर जगदीशभाऊंचा. त्यांच्या वजनाने माझं झाकण चिरलं, पण त्यांना काही आहे का त्याचं!

हर्षला, म्हणजेच हर्षू, ही जगदीशभाऊंची पुतणी. सोळा वर्षांची, स्वमग्न. बोलत नाही, गोंगाट झाला की कान दाबून घेते, आणि पायात चप्पल म्हणून ठेवत नाही. शेतात, रस्त्यात, रिसॉर्टच्या बांधकामावरच्या खिळ्यापत्र्यांत अनवाणी फिरते. म्हणून तिची आई नम्रता धनुर्वाताच्या लशीसाठी सगळ्यांच्या मागे लागली होती.

घरच्यांनी काय शक्कल काढावी? "चल गं हर्षू, माथेरानची गाडी बघाया." ती गाडी हर्षूची भारी लाडकी. पोर उड्या मारत रिक्षात बसली, आणि रिक्षा थांबली लसीकरण चाललेल्या समाजमंदिरासमोर. आत रडणारी बाळं, खडखडणारे पंखे, रांगेतली भांडणं. हर्षूने दारातच किंकाळी फोडली.

"धरा रं तिला!" जगदीशभाऊ गरजले आणि त्यांनीच सगळ्यांत आधी तिचा डावा दंड आवळला. चार धटिंगण एका पोरीवर! रांगेतून कोणीतरी ओरडलं, "येडी हाय ती, आमचा खोळंबा कशापायी?" लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

"सोडा आधी तिला!" सिस्टर कडाडली. "अशा धरलेल्या हाताला मी सुई लावणार नाही."

हर्षू जगदीशभाऊंना कडकडून चावली आणि पळाली. बरं केलं. पण लस माझ्या पोटातच राहिली, आणि तिच्या दंडावर बोटांचे वळ उठले. त्यानंतर ती रिक्षात बसेना, आईचाही हात धरेना.

पुढच्या महिन्यात सिस्टरने नम्रताला विचारलं, "तिला आवडतं काय?"

"गार आवडतं बाई. माठाला गाल लावून बसती."

सगळी रांग आटोपल्यावर सिस्टर मला घेऊन हर्षूच्या घरच्या ओट्यावर गेली. हर्षू दाराआड उभी. नम्रता या वेळी खरं बोलली. "हर्षू, सुई हाय. जरा दुखंल. मग झालं."

सिस्टरने मला ओट्याच्या कडेला ठेवलं. बऱ्याच वेळाने हर्षू बाहेर आली. माझं चिरलेलं झाकण उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. दुसरं कोणी असतं तर मी चिडलो असतो. सिस्टरने बर्फाची एक डबी तिच्या हातात दिली. तिने ती गालाला लावली, मग आपणहून उजव्या दंडाला. तिथेच सुई टोचली. हर्षू एकदा ओरडली आणि पुन्हा माझ्या झाकणाला लागली. नम्रता पदरात तोंड खुपसून रडली.

तेवढ्यात जगदीशभाऊ आले. "आमी रांगेत आन् हिला घरपोच? एवढे लाड कशापायी?" असं म्हणत ते माझ्यावर बसायला वाकले. हर्षूने झाकण सोडलं आणि दंड घट्ट झाकून घेतला. सुई टोचलेला नाही. डावा.

आता मी म्हणायला हवं की जुन्या डब्याला जपा. नाही म्हणत. सुतळ्या बांधा, बसा माझ्यावर. पण पुन्हा अशी पोर कान दाबून दारात उभी राहिली, तर तिला धरायला उठू नका. सुईला ती घाबरली नाही हो, जगदीशभाऊ. ती तुम्हाला घाबरली.