बाराचे पाच

दादाचं म्हणणं एकच. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचा आवाज कुजबुजीएवढा उरलाय, मी दिवसभर पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर; तिला हाक मारता येत नाही, तर ती घरी राहणार कशी? रविवारी तो तिला शुश्रूषा केंद्रात हलवणार होता.

"हाक मला ऐकू येईल," मी म्हणाले आणि इरेला पेटले.

शिवणाखेरीज मला नाद एकच, सर्किट जोडण्याचा. आईच्या उशाशी माइक, माझ्या मशीनशेजारी स्पीकर, मध्ये छोटा ॲम्प्लिफायर. घरातला अडॅप्टर बारा व्होल्टचा, सर्किटला हवेत पाच. म्हणून मी तीन पायांचा साधा रेग्युलेटर लावला. तो बारा घेतो, पाच देतो आणि उरलेल्याची उष्णता करून टाकतो.

शनिवारी सकाळी दादासमोर चालू केलं. दहा मिनिटांत स्पीकर गप्प. रेग्युलेटरला बोट लावलं तर चटकाच बसला. फार तापला की तो आपणहून बंद पडतो, हे मला माहीत होतं, आणि तरी मी घाई केली होती.

दादा इंजिनियर. आमच्याकडे अक्कल पाजळायचा मक्ता त्याचाच. "निम्म्याहून जास्त वीज नुसती जाळतेयस! कुठल्या जमान्यात आहेस?" त्यानं गाडीतून स्विचिंग मॉड्यूल आणून जोडलं; ते वीज भराभर चालू-बंद करून बाराचे पाच करतं, उष्णतेत फारशी घालवत नाही. गार राहिलं खरं, पण स्पीकरमधून एक बारीक शिट्टी सुरू झाली. आईची कुजबुज तिच्याखाली पार बुडाली.

"बघ. हे काही जमण्यातलं नाही."

माझं डोकंच फिरलं. शिट्टी याच्या मॉड्यूलची आणि घर सुटणार आईचं! मी मॉड्यूल काढून त्याच्या हातात ठेवलं. रेग्युलेटर परत जोडला, आणि या खेपेला उष्णता ओढून घ्यायला त्याच्या पाठीला मोडक्या खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं घट्ट आवळली.

"परत तापेल तो."

"तापू दे. पट्टी कशाला लावलीय? निदान मध्ये तोंड तरी घालत नाही!"

अर्धा तास झाला. पट्टी कोमट, स्पीकर स्वच्छ. दादानं तोंड वाकडं केलं. "एवढ्यानं काय होतंय? उद्या दहाला गाडी येईल. तिचे कपडे भरून ठेव." त्याचा आवाज नेहमीसारखा घरभर.

स्पीकरमधून आधी श्वास आला. मग आई, हळू, पण शब्द न् शब्द कळेल अशी.

"मला विचारलंस का रे?"

दादा स्पीकरकडे वळला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं.

"त्यातून नुसतं ऐकू येतं," मी म्हणाले. "उत्तर द्यायला आत जावं लागेल."