उलटी कात

लिंबाजीनं बाभळीचा डिंक बोटावर घेतला आणि चतुर किड्याची रिकामी कात तळ्यातल्या पाणकणसाच्या पात्याला चिकटवली. उभा जन्म एसटीत कंडक्टरी केली, पण एकाला फाडून दिलेलं तिकीट पुन्हा दुसऱ्याला दिलं नाही. आणि म्हातारपणी हे असले धंदे!

अंगणातलं हे तळं लेकीनं, धम्मप्रियानं खणलेलं. लातूरला शिकायला जाण्याआधी. पाण्यातली अळी पहाटे पात्यावर चढते, कात टाकते आणि चतुर होऊन उडून जाते. आबानं रोज सकाळी ती कात फोनवर दाखवायची, मग काढून डब्यात ठेवायची, म्हणजे तीच पुन्हा मोजण्यात येत नाही. "कॉलेजचं काम हाय, आबा," असं तिनं बजावलं होतं. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. त्या एका फोनवर म्हाताऱ्याचा दिवस निघायचा.

पण आठवडा झाला, चतुर निघायचे थांबले होते. कातच नाही तर लेक फोन तरी कशाला करील? म्हणून डब्यातल्या काती पुन्हा पात्यावर चढायला लागल्या.

फोन वाजला.

"आबा, निघाला का आज?"

"निघाला की! हे बघ, लई झ्याक हाय." त्यानं फोन पात्याजवळ नेला.

धम्मप्रियानं डोळे फोनच्या पडद्याजवळ आणले.

"आबा, ह्याचं डोकं खाली हाय."

"मंग?"

"अळी वर चढत येती. डोकं वरच असतंय."

लिंबाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"चुकलं बाई माझं. आठवडाभर जुन्याच काती लावून राहिलो. तुझ्या कामाचं पार वाटोळं केलं बघ."

"काम तर मागच्या महिन्यातच कॉलेजात देऊन टाकलं मी, आबा."

"आं? मंग रोज फोन कशाला करून राहिलीस?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"इथं कुणीच विचारत न्हाई, च्या घेतला का म्हणून."

लिंबाजीनं डिंकाची बोटं सदऱ्याला पुसली.

"घेतला का मंग?"

"न्हाई अजून."

"थांब. मी बी ठेवतो." फोन तसाच हातात धरून तो घराकडं वळला.

"आबा," ती म्हणाली, "उद्या तेवढं डोकं वर करून लावा."