एका बीची राख

"जाळायला द्यायची? त्सियाला, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी ओरडलो, तरी तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. उत्खननाचा प्रमुख मी. पण गुहेतल्या बियांच्या बाबतीत तिच्यापुढे माझी मात्रा चालत नाही. गुहेची माती पाण्यात घोळायची, वर तरंगलेला कोळसा गाळायचा आणि त्यातून दाणे ओळखायचे, यातच तिचा जन्म गेला. ताडून बघायला ताज्या बिया ती घरच्याच भट्टीत जाळते. त्यामुळे तिच्याकडची खाचापुरी, ती चीज भरलेली रोटी, कायम करपट लागते.

या वेळी हिमयुगाच्या थरातून द्राक्षाची जळकी बी निघाली होती. एकुलती एक. आम्हा इमेरेतीच्या, पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमळ्यांवर जगलेल्या माणसांना आणखी काय हवं? संग्रहालयाने तिच्यासाठी काचेची पेटीसुद्धा करायला टाकली होती.

"चोच आखूड, अंग गोल. रानद्राक्ष आहे," ती म्हणाली.

"मग झालं तर!"

"झालं कसं? दरीत आजही रानद्राक्षं लागतात. मेंढपाळ शेकोट्या करतात, उंदीर बिळं पोखरतात. वरची बी खाली घसरली असेल, तर तू पेटीत उंदराचं उष्टं मांडशील. प्रयोगशाळेत वय काढायचं तर ती जाळावीच लागते, तिची राख होणारच."

"आणि कालपरवाची निघाली तर? निवृत्तीच्या तोंडावर नाचक्की होईल तुझी."

"नाही निघणार, मी सांगते ना! पण मी सांगते म्हणून जगाने का ऐकावं?"

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. तिने फोटो काढले, मापं घेतली आणि स्वतःच्या हाताने बी पाठवून दिली.

निकाल द्राक्षं तोडायच्या दिवसांत आला. बी हिमयुगातलीच होती.

त्या रात्री माझ्या अंगणात जेवण होतं. गेलेल्यांच्या नावाने मी प्याला उचलला, तशी सगळ्यांनी रीतीप्रमाणे आपापल्या पावावर वाइनचा थेंब सांडला. त्सियालाने नवऱ्यासाठी सांडला. मग पर्समधून बीची रिकामी कुपी काढून ताटाशी ठेवली आणि पुन्हा प्याला कलता केला.

"अगं, पावाचा लगदा होईल! आता कोण राहिलं?" माझ्या बायकोने चिडवलं.

"आपल्यातली सगळ्यात म्हातारी," त्सियाला म्हणाली.

मी माझ्याही पावावर आणखी एक थेंब सांडला.