आधी भोंगा

त्या किनाऱ्यावर जीवरक्षकांची कामं वाटलेली होती. वर टॉवरमध्ये बसेल त्याने लांबचं पाणी बघायचं, खाली वाळूवर उभा राहील त्याने पोहणारी माणसं. शार्क दिसला की वरच्याने आधी भोंगा वाजवायचा, मग बाकी सगळं. बहिणीला हा नियम दादानेच शिकवला होता. वर दादा, खाली ती. इतक्या वर्षांत तिने कधी मान वर करून खोल पाण्याकडे पाहिलं नव्हतं. पाहील कशाला? दादा डोळ्यांत तेल घालून बसलाय म्हटल्यावर तिला कसली काळजी!

रविवारी भोंगा वाजला. घसा फाटेस्तोवर ओरडून, शिट्ट्या फुंकून तिने माणसं बाहेर काढली. तिची लेक, तायडी, फळीवर पालथी पडून सगळ्यांत लांब गेलेली. ही तशीच पाण्यात घुसली आणि पोरीला दंडाला धरून ओढत आणलं. मागे शार्कचा काळा पर वर आला, वळला आणि गेला. कुणाला ओरखडासुद्धा नाही. तिचा जीव भांड्यात पडला. टॉवरकडे बघून तिने दादाला चक्क हात जोडले.

पोरगी कुडकुडत होती म्हणून टॉवेल मागायला ती वहिनीच्या छत्रीकडे गेली. तिथे भाचा, ढब्बू, बसलेला. पायात बूट, केसांचा भांग पाडलेला, अंग कोरडं ठणठणीत! एरवी हा पठ्ठ्या मारूनमुटकून बाहेर काढावा लागतो.

"तू कधी आलास रे बाहेर?"

"मघाशीच, भोंग्याच्या आधी. बाबांचा फोन आला, शार्क आलाय म्हणून. आईने ओढतच आणलं."

"आणि तायडी? दोघं एकाच फळीवर होतात ना?"

"मी म्हटलं तिलाही बोलावू. आई म्हणाली, गप चल, लोक गोंधळ करतील."

वहिनीने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. वर काही बघेना.

बहीण तडक टॉवरवर चढली. दादाने तिचा चेहरा पाहिला आणि दुर्बीण खाली ठेवली.

"अगं, खात्री नव्हती मला. मागच्या खेपेला उगाच भोंगा वाजला, तर साहेबांनी किती झापलं, ठाऊक आहे ना तुला?"

"खात्री नव्हती, तर ढब्बूला कशाला काढलंस?"

 दादा नजर चुकवत म्हणाला, "बापाचं काळीज गं ते. आणि तायडीला काही झालं का? सुखरूप आहे ना?"

"आहे. पण तू तिला सुखरूप ठेवलं नाहीस, दादा. तू तिला तिथेच ठेवलंस."

तिला रडू फुटलं, आणि त्याच्यासमोर फुटलं याची जास्त चीड आली. ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाळी. वर दादा, खाली ती. लेक फळी काखोटीला मारून आली. "आई, वर मामाच आहे ना? मग जाऊ पाण्यात?"

"नको."

"का? मामा बघतोय की!"

तिने पोरीला छत्रीखाली बसवलं आणि दिवसभर एकटक खोल पाण्याकडे बघत उभी राहिली. दुपारी एक म्हातारा काठाजवळच्या लाटेत पडला, नाकातोंडात पाणी गेलं. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. लोकांनीच त्याला उचलून आणलं. तिला तो दिसलाच नव्हता.