हायड्रोजन न दिलेली बाटली

तिनं सुई रबरी बुचातून आत खुपसली, पेशींचे दोन थेंब निळ्या द्रावणात सोडले आणि घड्याळाचं बटण दाबलं. चाळीस सेकंदांत निळा रंग फिकटला. मिनिटभरात नळीत नुसतं पाणी भरल्यासारखं दिसू लागलं.

हा रंग जायला नको होता. एन्झाइम असलं तरच तो जातो, आणि या पेशी वाढल्या होत्या हायड्रोजन न दिलेल्या बाटलीत.

ज्या जिवाणूवर ती आणि तिचा नवरा एकोणीस वर्षं काम करत आले होते, तो मोठा काटकसरी. हायड्रोजन वायूवर त्याला जगता येतं, पण त्यासाठी लागणारं एन्झाइम बनवायचं तर निकेल हवं, लोखंड हवं, मदतीला आणखी डझनभर प्रथिनं हवीत. म्हणून त्याचं एक प्रथिन वायूचा नुसता वास घेत बसलेलं असतं. वायू नसेल तेव्हा दुसरं एक प्रथिन सगळा कारखाना दाबून बंद ठेवतं. पहिल्याला वास आला की दुसऱ्याची पकड सुटते आणि कारखाना चालू होतो. या दुसऱ्याला नवऱ्यानं नाव ठेवलं होतं ‘मोठे काका’. त्यांनी हूं म्हटल्याशिवाय घरात पान हलायचं नाही.

नवरा चार महिन्यांपूर्वी बसथांब्यावर उभ्या उभ्या गेला. तिनं सह्या करायच्या तिथं सह्या केल्या, कपडे वाटून टाकले, पंधराव्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन पांढरा कोट चढवला. ती रडली नाही याचं लोकांनी आधी कौतुक केलं, मग काळजी केली, मग नाद सोडला. जेवण तिला गिळता येत होतं. झोप लागत होती. सगळं जाड काचेपलीकडे चालल्यासारखं होतं, एवढंच.

त्याचा अर्धवट राहिलेला शोधनिबंध पुरा करायचं तिनं अंगावर घेतलं होतं. त्यातल्या एका तक्त्याची खात्री म्हणून हा साधा प्रयोग. तक्त्यात ‘हायड्रोजनविना’ या ओळीपुढे त्यानं लिहिलं होतं, शून्य.

तिनं प्रयोग पुन्हा केला. मग बाटल्या बदलून, नवं द्रावण बनवून तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा निळा रंग गेला.

म्हणजे ते ‘शून्य’ त्यानं मनानंच लिहिलं होतं तर. एका आकड्यासाठी आठ-आठ दिवस खपणाऱ्या माणसानं. वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग हात धुतले आणि नळ्या घासायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती तळघरातल्या मोठ्या फ्रीजरपाशी गेली. दर वर्षी जिवाणूचा थोडा साठा गोठवून ठेवायचा, हा नवऱ्याचा शिरस्ता. खालच्या कप्प्यात एकोणीस वर्षांच्या एकोणीस कुप्या एका डब्यात ओळीनं उभ्या होत्या. तिनं जाड हातमोज्यांनी एकेक बाहेर काढली. प्रत्येक कुपीतला बर्फ वरून खरवडलेला होता. आधी कोणीतरी यातून घेतलं होतं, अगदी थोडं, टोकानं.

आठवडाभर तिनं सगळ्या कुप्यांमधले जिवाणू वाढवले, हायड्रोजन न देता. पहिल्या बारा वर्षांचे निळ्या द्रावणात सोडले तर निळा रंग तसाच राहिला. तासानंही तसाच. तेराव्या वर्षापासून पुढे मात्र प्रत्येक नळी मिनिटभरात रंगहीन झाली.

तेराव्या कुपीवरचं अक्षर तिचं होतं.

त्या वर्षी सासरे शेवटच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते आणि नवरा सहा महिने इस्पितळातच होता. इथलं सगळं तिनं एकटीनं ओढलं. नवा साठा करायला तिनं जिवाणू वाढवायच्या बशीतून एक वसाहत, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला ठिपका, निवडली होती, इतरांपेक्षा जरा टपोरी, चकचकीत. एकच. चार-पाच तपासून घ्यायच्या असतात हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण तेव्हा कोणाला वेळ होता? त्या एका वसाहतीत मोठे काका लुळे पडले असणार. त्यांची पकडच गेलेली. मग वास येवो न येवो, कारखाना रात्रंदिवस सुरू. त्यानंतरचं तिचं सगळं काम याच पेशींवर उभं होतं. तिचे दोन निबंधही. त्यातल्या पहिल्यावर तर तिला ही नोकरी कायम झाली होती.

ती जिना चढून विभागप्रमुखबाईंच्या खोलीत गेली.

“मॅडम, खालच्या फ्रीजरला कोणी हात लावला होता का?”

बाईंनी चष्मा काढला. मग खालच्या खणातून एक पातळ वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“ही त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली होती. तुम्ही विचारलंत तर द्यायची, नाही विचारलंत तर नाही, असं मी ठरवलं होतं,” त्या म्हणाल्या. “बरोबर केलं की चूक, मला कळलेलं नाही.”

वहीत नवऱ्याचं बारीक अक्षर होतं. तारखा सगळ्या रविवारच्या. मागच्या वर्षीचे चौदा रविवार.

ते रविवार तिला चांगले आठवत होते. डबा घेऊन तो सकाळी बाहेर पडायचा तो दिवेलागणीला उगवायचा. कुठं होतास म्हटलं की “मशीन बिघडलंय.” पाचव्या रविवारी तिनं विचारणं सोडलं. आठव्यापासून बोलणंच तोडलं. घरात तीन माणसं, आणि सासूबाई मध्यस्थ. ‘तिला सांग’, ‘त्याला सांगा’. त्याला घर नकोसं झालंय, आपण नकोशा झालोय, अशी तिची पक्की खात्री झाली होती. तो गेला तेव्हाही त्यांचं धड बोलणं नव्हतं.

वहीत त्यानं बाराव्या वर्षाच्या कुपीतून सगळं पुन्हा केलं होतं. त्याचं शून्य खरं होतं. आणि नुसतं स्वतःचं काम नाही, तिचेही दोन्ही निबंध, तक्त्यामागून तक्ता. शेवटच्या पानावर लिहिलं होतं:

‘तिचा दुसरा निबंध ठीक. पहिला नाही. कसं सांगावं?’

त्याखाली काही नव्हतं.

“त्यांना भीती वाटत होती, तुम्ही खचाल म्हणून,” प्रमुखबाई म्हणाल्या.

“पहिला निबंध मी मागे घेते,” ती म्हणाली. “पत्र सोमवारी देते. चूक माझी होती असं त्यात स्पष्ट असेल.”

“घाई नाही हो.”

“आहे.”

ती घरी पोचली तेव्हा ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर आलं होतं. सासूबाई टेबलाशी बसून बटाटे सोलत होत्या. चार महिन्यांत दोघींमध्ये ‘जेवलीस का’, ‘हो’, ‘दिवा घालव’ यापलीकडे फारसं काही झालं नव्हतं. तिनं वही पिशवीतून काढली आणि सालांच्या शेजारी आपटली. केवढा तरी आवाज झाला.

“तुमचा मुलगा लबाड होता,” ती म्हणाली.

सासूबाईंनी मान वर केली. सुनेचा चेहरा लाल झाला होता, नाकपुड्या थरथरत होत्या. त्यांनी तो नीट न्याहाळला.

“लहानपणापासून,” त्या म्हणाल्या. “अंगात ताप असला तरी सांगायचा नाही. का, तर आईला त्रास नको. एकदा त्यावरून थोबाडीत दिली होती मी.”

“मला सांगायचं तरी! मी काय काचेची होते? चौदा रविवार, आई! चौदा! मी त्याच्याशी बोलत नव्हते, आणि हा तिथं बसून…”

“काय करत होता बसून?”

तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

“एक जिवाणू असतो,” ती म्हणाली. “त्याला हायड्रोजनचा वास येतो.”

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली.

“सावकाश सांग,” त्या म्हणाल्या. “मला सगळं ऐकायचंय.”