फ्यूजवरचा चंदेरी कागद

ऐका. आज मला तुम्हाला कुठेच वळवायचं नाही. एरवी मी बोललो की डावीकडे, उजवीकडे आणि किती मीटर, एवढंच ऐकू यायचं. गाडीच्या काचेला चिकटून रस्ता सांगणारं हाताएवढं यंत्र मी. आवाज माझा बाईचा आहे, पण घरात सगळे मला वाटाड्या म्हणतात, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणतो.

एका लांबच्या कारखान्यात, पांढऱ्या टोप्या घातलेल्या माणसांनी मला जोडलं. माझ्या पोटात हजारो रस्ते भरले, पण बोलायला दिली जेमतेम साठ-सत्तर वाक्यं. ही काटकसर पुढे मला फार नडली.

मला घरी आणलं एका नर्सने. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांच्या जखमा धुते, पट्ट्या बदलते. हात इतका हलका की पेशंटला कळतसुद्धा नाही. पण रस्त्याच्या बाबतीत अगदीच धांदरट. स्वतःच्या गल्लीचं वळणही चुकायची. आधी ती माझी पिन सिगारेट पेटवायच्या खोबणीत खोचायची. खड्डा आला की पिन निसटायची आणि मी चौकाच्या मधोमध मुका व्हायचो. शेवटी ती मला गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेली.

मिस्त्री सावकाश काम करणारा. आधी बॅटरीची तार सोडवली. किल्ली फिरवल्यावरच जिच्यात वीज येते ती तार दिव्याने तपासून शोधली. बॅटरीचा जोर मला सोसेल इतका कमी करणारी डबी मध्ये बसवली आणि सगळ्यांच्या आधी, अगदी उगमाशी, काचेची एक बारीक नळी.

"ताई, हा फ्यूज," तो म्हणाला. "हा उडाला तर त्याला शिव्या घालू नका. तुमच्यासाठी उडतो तो. दुसरा टाकायच्या आधी का उडाला ते बघायचं."

"म्हणजे माझ्यासारखाच. आधी जखम बघायची, मग पट्टी," ती हसून म्हणाली.

वर्षभर आमचं छान चाललं. मग तार बांधलेली एक पट्टी तुटली आणि तार क्लचच्या दांड्यापाशी लोंबू लागली. क्लच दाबला की दांडा तारेला घासायचा. वरचं आवरण सोलवटत गेलं. मला खालून येणारी वीज लचकताना जाणवायची, पण त्यासाठी माझ्याकडे वाक्य नव्हतं. एक दिवस उघडी तार लोखंडाला टेकली. फ्यूज उडाला. आपलं काम त्याने चोख केलं.

त्या संध्याकाळी तिचे वडील दारात उभे होते. हे बाबा पस्तीस वर्षं पंपघरात होते. गावाचं पाणी त्यांच्या हातात. तिथे फ्यूज उडाला की ते जाड तार गुंडाळायचे आणि पंप चालू ठेवायचे, कारण हजार घरांचे नळ वाट बघत असायचे. फ्यूज उडणं म्हणजे त्यांच्या लेखी कामचुकारपणा. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं.

"ठमे, काय झालं तुझ्या वाटाड्याला?"

"फ्यूज गेला, बाबा. मिस्त्रीला दाखवते."

"एवढ्याशा गोष्टीला मिस्त्री? पंपघरात असले लाड नव्हते. दे इकडे."

एका पेशंटने तिला दिलेलं चॉकलेट फ्रिजवर होतं. बाबांनी त्याचा चंदेरी कागद नखाने सपाट केला, मेलेल्या नळीभोवती घट्ट गुंडाळला आणि नळी जागेवर खोचली. मी उजळलो. बाबांचा चेहराही उजळला. ती आत चहा टाकत होती. कागद तिने पाहिलाच नाही.

आता उघडी तार होती आणि तिच्या वाटेत तुटायला कुणी नव्हतं.

चार दिवसांनी आम्ही चढावर, गाड्यांच्या रांगेत अडकलो. क्लच दाब, सोड, दाब, सोड. तार तापली. डॅशबोर्डखालून आधी वास आला, मग धूर. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी माझ्या वाट्याला जे वाक्य होतं तेच मी बोललो: "आठशे मीटर सरळ चालत राहा."

तिने ऐकलं नाही, हे तिचं नशीब. किल्ली फिरवून तिने गाडी बंद केली, तशी वीज तुटली. तरी वितळलेलं आवरण तिच्या घोट्यावर पडलं होतं. माझं आतलं सगळं जळलं.

मिस्त्रीने कागद उलगडून तिच्यासमोर धरला. "हा उद्योग कोणाचा?"

ती म्हणाली, "बाबांचा. पण त्यांना नका सांगू. किती महिन्यांनी ते शीळ घालत होते त्या दिवशी."

"मी नाही सांगत. पण ताई, तुम्ही सांगा."

तिने सांगितलं नाही. घोट्यावर उकळतं पाणी सांडलं म्हणाली. वाटाड्या जुना होता, म्हणून बिघडला म्हणाली. बाबांनी मान हलवली. "यंत्रच फुसकं." बोल मला लागला, त्याचं एवढं काही नाही.

आता मी दिवाणखान्यातल्या टेबलाच्या अर्ध्या उघड्या खणात, कात्री आणि दोऱ्यांच्या रिळांत पडून आहे. काल ती नवा वाटाड्या घेऊन आली. रविवारी मिस्त्रीकडे जाते, म्हणाली. आज ती उठायच्या आत बाबांनी खण ओढला आणि माझ्या शेजारची कात्री उचलली. चंदेरी कागदाची पट्टी कापली आणि नवा वाटाड्या घेऊन ते गाडीकडे गेले. या वेळी त्यांनी फ्यूज उडायचीही वाट पाहिली नाही.

ती दाराशी बूट घालते आहे. घोट्यावर अजून पट्टी आहे.

"जोडून ठेवलाय गं," बाबा म्हणतात. "आता उडायचं नाव घेणार नाही."

तिचा हात कडीवर थांबतो. ती वळून बाबांकडे बघते. ते शीळ घालत कात्री पुसताहेत. तिचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही.

बोल, बाई. त्यांना वाईट वाटेल, दोन दिवस जेवायला नीट बसणार नाहीत, मग बसतील. मला मोजकीच वाक्यं दिली होती आणि त्यांत हे नव्हतं. तुला तर सगळी भाषा दिली आहे.